सारजाने वाचलेला शब्द

फार फार जुनी गोष्ट. डोंगरांच्या कुशीत एक गाव होतं आणि त्या गावात एक पंतोजी होते. माणूस मायाळू, पण शिकवण्याची रीत एकच: धूळपाटीवर अक्षर गिरवा आणि मोठ्याने म्हणा. मुलं सगळी मुळाक्षरं घडाघडा म्हणत. पण दोन अक्षरं शेजारी आली की त्यांची बोलती बंद!

पंतोजींची नात सारजा तर पाटी दिसली की पळून जाई.

एके दिवशी तिची आई अंगणात धान्य पाखडता पाखडता तिच्याशी यमकं जुळवत होती. "गाणी!" आई म्हणाली.

"राणी!" सारजा ओरडली.

"पाणी!"

"नाणी!"

शब्द संपले तेव्हा सारजाने 'झाणी' असा शब्द स्वतःच बनवला आणि दोघी हसत सुटल्या.

पंतोजी दारात थबकले. "सूनबाई, ही पोर शाळेत क्षणभर टिकत नाही आणि इथून हलत नाही?"

"मामंजी, तिला शब्दांचा नाद लागलाय. तुमची अक्षरंही या खेळात घ्या ना."

पंतोजींनी ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून शाळेत आधी टाळ्यांवर यमकं जुळू लागली. मग पंतोजींनी धुळीत 'परी' लिहिलं, 'प' पुसून तिथे 'ब' काढला. "आता?"

"बरी!" मुलं किंचाळली. घरी जायला कोणी तयार होईना, सारजासुद्धा नाही.

"पंतोजी, ही शाळा आहे की तमाशा?" गावकरी कुरकुरले.

"जरा धीर धरा," पंतोजी म्हणाले.

त्या हिवाळ्यात गाव देवीच्या जत्रेला निघालं. धुकं दाट होतं, तरी पोरं सगळ्यांच्या पुढे पळत होती. वाटेचा कडा नुकताच ढासळला होता. राजाच्या माणसांनी तिथे एक फळी ठोकली होती आणि तिच्यावर एकच शब्द लिहिला होता. शाळेत तो कधीच आला नव्हता.

सारजा थांबली. "शेवटी 'री'. परी, बरी... पण सुरुवातीला तर 'द' आहे." तिचे ओठ हलले आणि ती जिवाच्या आकांताने ओरडली, "दरी! थांबा रे, पुढे दरी आहे!"

पोरं जागच्या जागी थिजली. वाऱ्याने धुकं जरा हटलं, तेव्हा पुढे वाटच नव्हती, नुसती खोल खाई होती.

मोठी माणसं धावत आली. आईने सारजाला उराशी घट्ट धरलं. पंतोजी तिच्याजवळ वाकले. "बाळा, हा शब्द तुला कोणी शिकवला?"

"कोणीच नाही, आजोबा. माझी मीच वाचला!"

गावाने तिला खांद्यावर घेतलं आणि ढोल वाजवत दुसऱ्या वाटेने जत्रेला नेलं. त्या वर्षापासून कुरकुरणारेच आपली धाकटी पोरं स्वतः शाळेत आणून सोडू लागले, आणि कोणाला त्यांना ओढत आणावं लागलं नाही.

तात्पर्य: शब्दांशी आनंदाने खेळलेलं मूल नवा शब्द वाचायला घाबरत नाही.