जातो की येतो

“‘येतो’ म्हणाला, म्हणून तू त्याला दारातून परत आणलंस?” रेगेबाईंनी विचारलं.

“हो, बाई,” डॉक्टर चौबळ म्हणाले.

रेगेबाई म्हणजे त्या मनोरुग्णालयातल्या तरुणांच्या वॉर्डच्या प्रमुख. केस पिकले ते इथेच. चौबळ त्यांचे विद्यार्थी, नुकतेच डॉक्टर झालेले, आणि आपण डॉक्टर झालोय हे कुणालाही विसरू न देणारे.

घरी जायला निघालेल्या पोरांची तयारी करून घ्यायचं काम चौबळांनी हौसेनं मागून घेतलं होतं. गोळ्या कशा सांभाळायच्या, ‘इतके दिवस होतास कुठे?’ असं मावशीनं खोदून खोदून विचारलं तर काय सांगायचं, सगळं ते पढवत. मावशी स्वतःच होत, डोक्यावरून टॉवेलाचा पदर घेऊन. चहा करायलाही शिकवत. तो मात्र हमखास उतू जाई, आणि मग पुष्कर भोईटे निमूटपणे पुढे होऊन गॅस बारीक करी.

हा पुष्कर एकोणीस वर्षांचा. आला तेव्हा आईशीसुद्धा बोलत नव्हता. आता बरा झाला, घरी जायचं ठरलं, तरी त्याचा धीर होईना. भरलेली बॅग पुन्हा पुन्हा रिकामी करी. आज एकदाची त्यानं चेन लावली, बॅग खांद्याला मारली, आईपाठोपाठ दारापर्यंत गेला, वळला आणि म्हणाला, “येतो हं, डॉक्टर.”

झालं! पोराला आतून परत यायचंच आहे, असं निदान चौबळांनी उभ्या उभ्या करून टाकलं. ‘जातो’ म्हण, मगच सोडतो, असं बजावलं.

पुष्कर बिचारा गुणी. तो लगेच ‘जातो’ म्हणाला. तशी त्याची आई मटकन बाकावर बसली. असलं अभद्र बोलून माझं पोर उंबरा ओलांडणार नाही, म्हणाली. तिनं त्याला शेजारी बसवलं आणि घोटभर पाणी पाजलं.

आता ‘येतो’ म्हणावं तर डॉक्टर सोडेनात, ‘जातो’ म्हणावं तर आई नेईना. पोराचा हात हळूहळू बॅगच्या चेनकडे जायला लागला. ते पाहून चौबळांचं धाबं दणाणलं आणि ते बाईंकडे धावत आले.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“तुझी आई कुठे असते रे?”

“अलिबागला.”

“मागच्या खेपेला निघालास तेव्हा तिला काय म्हणालास?”

“येतो म्हणालो.”

“मग? कधी गेलास परत?”

चौबळ चष्मा पुसू लागले. मध्ये दोन गणपती येऊन गेले होते, चौबळ काही गेले नव्हते.

“म्हणजे ‘येतो’ म्हटलं की माणूस येतोच, असं काही नाही,” बाई म्हणाल्या आणि उठल्या.

दोघांना येताना पाहून पुष्कर उभा राहिला. बॅगची चेन अर्धी उघडली होती. बाईंनी त्याला नुसती मान हलवून खूण केली.

“येतो, डॉक्टर,” तो चाचरत म्हणाला.

पोर त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलं. आईही बघत राहिली.

बाईंनी चौबळांना कोपरानं ढोसलं.

“...ये,” चौबळ म्हणाले.

पुष्कर हसला. त्यानं चेन ओढून घेतली आणि निघाला. फाटकापर्यंत त्यानं मागे वळून पाहिलं नाही. आईच वळून वळून बघत होती.

चौबळांचे डोळे भरून आले. पढवापढवी केली, मिजास केली, पण या पोरावर त्यांचा जीव जडला होता, हे खरं. बराच वेळ ते रिकाम्या फाटकाकडे बघत उभे राहिले.

“बाई... आणि तो खरंच आला तर?”

“आला तर चहा त्यालाच करू दे,” बाई म्हणाल्या. “तुझा उतू जातो.”