सात वाजताचा वीजचोर

रोज संध्याकाळी सात वाजले की मोरदरीच्या राजवाड्यातली वीज चोरीला जायची!

म्हणजे काय, तर महाराज रायाजीरावांनी बटण दाबलं की झुंबरं लख्ख पेटायची, आणि महाराज "वा!" म्हणेपर्यंत दिव्यांचे काजवे व्हायचे. डोक्यावरचा पंखा तर इतका रेंगाळायचा की त्याची पाती मोजून घ्यावीत. तेही ऐन उन्हाळ्यात! नऊनंतर मात्र पुन्हा सगळं झकास. दोन महिने हा तमाशा चालला होता.

शेवटी महाराजांचं डोकं फिरलं. त्यांनी वीजघर सांभाळणाऱ्या रखमाजी मिस्त्रीला दरबारात उभं केलं.

"आठ दिवसांत माझी वीज चोरणारा पकडून आण! नाही आणलास तर तूच चोर. बायकोपोरीसकट संस्थानाबाहेर!"

"महाराज, यंत्र ठणठणीत आहे. सगळ्या तारा तपासल्या. कुठे आकडा टाकलेला दिसला नाही."

"मग वीज काय वाऱ्यावर उडाली?"

दिवाण त्रिंबकपंत लगेच पुढे सरसावले. "महाराज, मी कधीचा सांगतोय, विलायतेहून दुसरं यंत्र मागवू. रयतेवर एक पट्टी बसवली की झालं!"

रखमाजी घरी आला तो खांबाला टेकून बसला. जेवायलाही उठेना. त्याची मुलगी सगुणा वाड्याच्या मुदपाकखान्यात वाढपीण होती. तोंडाने फटकळ, पण डोक्याने बापाच्या चार पावलं पुढे.

"बाबा, वीज सातलाच का हो जाते? सकाळी का नाही?"

"सकाळी वापरतंय कोण? महाराजांचा हुकूमच आहे ना, वाड्यावरचा दिवा लागल्याशिवाय गावात कुणी बटणाला हात लावायचा नाही. राजाच्या आधी रयतेने वीज वापरली तर बेअदबी! दिवसभर माझं यंत्र रिकामं. सात वाजले की गिरणी, पंप, पंखे, धोब्यांच्या इस्त्र्या, सगळे एकदम तुटून पडतात."

"अहो, मग हे महाराजांना सांगायचं नाही का?"

"काय सांगू? तुमच्याच हुकमाने अंधार पडतो म्हणून? जीभ छाटतील माझी!"

"बरं, तुम्ही आधी दोन घास खा. मी सांगते. पण तोंडाने नाही, आमटीच्या ओगराळ्याने!"

आठव्या दिवशी वाड्यात पंगत बसली. पन्नास पानं. रीत अशी, की महाराजांनी पहिला घास घेतल्याशिवाय कुणी पानाला हात लावायचा नाही, काही मागायचंही नाही. भाताच्या मुदी पडल्या होत्या, आमटीचा मात्र पत्ता नव्हता. बाकीच्या वाढप्यांना सगुणाने काहीबाही सांगून पिटाळलं होतं.

महाराजांनी कोरड्या भाताचा घास घेतला मात्र, पन्नास गळे एकदम ओरडले, "आमटी!"

"अगं इकडे!" "आधी मला!" "ए पोरी, कान फुटले का?"

सगुणा एक, ओगराळं एक! पदर खोचून ती धावत सुटली. सगळ्यांनाच हवी आणि आत्ताच हवी, म्हणून ती ज्याच्या त्याच्या पानावर चार-चार थेंब शिंपडून पुढे. महाराजांच्या भातावरही मोजून चारच थेंब पडले.

"अगं, ही आमटी की तीर्थ?" महाराज गरजले.

"महाराज, आमटी चोरीला गेली!"

"कोणी चोरली?"

"जो रोज सातला वीज चोरतो, त्यानेच! आज आठवा दिवस ना, म्हणून त्याला पंगतीलाच बसवलाय."

जो तो शेजाऱ्याकडे बघू लागला. सगुणाने आमटीचं पातेलं महाराजांपुढे आणून ठेवलं. काठोकाठ भरलेलं!

"बघा महाराज, आमटी उतू जातेय. पण ओगराळं एक, आणि पन्नास पानांना ती एकाच घटकेला हवी. बाबांच्या यंत्राचंही असंच. दिवसभर ते रिकामं, आणि सातला अख्खं गाव एकदम पान पुढे करतं."

"हात्तिच्या!" दिवाण म्हणाले. "मग दहा वाढपी ठेवा! मी हेच म्हणतोय, दुसरं यंत्र..."

"आणि पंगत उठली की दहाही जण माशा मारणार? पंत, दिवाळीला जावई येतो म्हणून तुम्ही रोज पुरण शिजवता का हो?"

पंगतीत खसखस पिकली. महाराजांनाही हसू आलं. पण त्यांनी ते मिशीत दाबलं.

"पण सगळे एकदमच का पान पुढे करतात? भूक काय घड्याळ बघून लागते?"

"भूक कधीच लागलेली असते, महाराज. पण कुणीतरी पहिला घास घेण्याची वाट बघत बसावं लागतं."

महाराजांनी हातातल्या घासाकडे बघितलं. दाराशी उभ्या रखमाजीने तर डोळेच मिटून घेतले.

"म्हणजे चोर माझा हुकूम?"

"मी कुठे म्हटलं? आपणच म्हणालात!"

"मग करायचं काय?"

"गिरणी सकाळी चालू द्या, पंप दुपारी, इस्त्र्या उन्हं उतरायच्या आत. संध्याकाळी नुसते दिवे आणि पंखे राहिले, की आहे ते यंत्र पुरून उरेल."

"झाला हुकूम रद्द!" महाराज म्हणाले, आणि मग डोळे बारीक करून पुढे झुकले. "पण पोरी, वीजचोराला आमच्या संस्थानात महिनाभर अंधारकोठडी आहे. हुकूम माझा, तेव्हा चोर मी. आता राजाला कोठडीत घालतेस, की राजाचा कायदा मोडतेस? उत्तर चुकलं तर बापाचं गाठोडं बांध!"

"दोन्ही नको, महाराज. शिक्षा भोगून झालीय!"

"कधी?"

"गेले दोन महिने रोज सातला आपण अंधारातच बसला होतात की! उलट एक महिना जास्तच झाला!"

महाराज इतके हसले, इतके हसले, की त्यांना ठसका लागून पाणी द्यावं लागलं. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून सगुणाला दिलं आणि रखमाजीची नोकरी तहहयात केली. कुणी कधी वीज वापरायची, त्या पाळ्या लावायचं काम सगुणाकडे आलं. दिवाणसाहेबांच्या न्हाणीघरातल्या विजेच्या बंबाला तिने पहाटे चारची पाळी दिली.