हौदाच्या तळाशी

"तळाशी काय ठेवलंस?"

मुजावरचाचांनी चौथ्यांदा हेच विचारलं आणि शाल्मलीच्या डोक्यात तिडीक गेली.

"काही नाही ठेवलं. कितीदा सांगू? हौद मी स्वतः उभं राहून घासून घेतलाय. चकचकीत आहे."

चाचा नुसतं 'हं' म्हणाले आणि चष्मा पुसत बसले...

आता काय म्हणावं या माणसाला? युरेनियमच्या कारखान्यात एकतीस वर्षं या एका हौदापाशी काढलेली. आम्लात विरघळवलेल्या खनिजाचं पाणी हौदात घ्यायचं, त्यात रसायन सोडायचं. युरेनियमचा पिवळा साका खाली बसतो, घाण वरच्या पाण्याबरोबर जाते. शाल्मली खैरमोडे यातच डॉक्टरेट करून आलेली. शनिवारी चाचा निवृत्त होणार, सोमवारपासून हौद तिचा. त्यांच्या कपाटातल्या जुन्या वह्या रद्दीत काढा, असं तिनं सांगूनही टाकलं होतं.

पण साका काही धड बसेना. तीन खेपा फसल्या. पिठासारखा बारीक, गाळायच्या कापडाला चिकटणारा, कितीही धुवा, मळ सोडायचं नाव नाही. ही चौथी खेप फसली तर हौद दुसऱ्याकडे जाईल, असं साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं. ती पार वैतागली होती, आणि आतून घाबरलीही होती.

"चाचा, माहीत असेल तर सरळ सांगा. नाहीतर गप्प तरी बसा."

चाचा उठले. "चल, कँटीनला."

"आत्ता?"

ते चालायलाही लागले होते. ती चरफडत मागे गेली.

कँटीनमध्ये त्यांनी वाडगाभर कोमट दूध मागितलं आणि तिच्यापुढे सरकवलं.

"याचं दही लाव."

"अहो, काय चाललंय तुमचं..."

"लाव."

"मग विरजण द्या."

"कशाला? दूध चोख आहे. वाडगा घासलेला आहे. चकचकीत."



शाल्मलीनं वाडगा जवळ ओढला. प्रयोगशाळेत तिला पहिला धडाच स्वच्छ भांड्याचा मिळाला होता.

"तुमच्या शेवटच्या खेपेचा साका," ती हळूच म्हणाली. "हौदाजवळच्या पिंपात तुम्ही राखून ठेवलेला. मी तो बाहेर काढायला लावला होता."

"पंपाच्या मागे आहे. झाकून ठेवलाय."

त्यातला थोडा साका तिनं आधी हौदात सोडला, मग रसायन. त्या जुन्या कणांवर नवे कण चढत गेले. दुपारपर्यंत साका वाळूसारखा जाडसर होऊन खाली बसला. दोन पाण्यांत मळ निघाला.

तिला हायसं वाटलं. आणि रागही आला.

"सरळ का नाही सांगितलंत?"

"चार वेळा विचारलं की."



"चाचा... ते तुमचं कपाट..."

"खुशाल रिकामं कर," चाचा चप्पल घालत म्हणाले. "घासू मात्र नकोस."