तांब्याच्या पट्ट्या आणि बंद पेवे

डोंगरांच्या पलीकडे, जिथे पाऊस एक वर्ष येई आणि एक वर्ष विसरे, तिथे एक लहानसे राज्य होते. तिथली माणसे आपली ज्वारी घरात न ठेवता भाडे देऊन कोठाऱ्याकडे ठेवत. कोठाऱ्याची पेवे होती, म्हणजे धान्यासाठी जमिनीत खणलेले खोल, अंधारे खड्डे. तोंडावर दगडी झाकण आणि त्यावर शेणमातीचा लेप. लेप वाळला की गरज पडेपर्यंत पेव कोणी उघडत नसे.

त्या राज्याच्या राजाला तट बांधण्याचा भारी नाद. मजुरांना खाऊ घालायला तो कोठाऱ्याच्या पेवांतून ज्वारी उचली आणि बदल्यात तांब्याची पट्टी देई. पट्टीवर कोरलेले असे, ‘पुढच्या सुगीला परत करीन’, आणि खाली राजाची मोहोर. राजाचा शब्द म्हणजे ज्वारीच, असे समजून कोठारी ती पट्टी पेवात ठेवी आणि वरून लेप देई. सुगी आली की राजा जुन्या पट्टीच्या जागी नवी देई.

मग एके वर्षी राजा वारला, त्यातच सुगी बुडाली आणि राज्य राणीच्या अंगावर पडले. शेजारच्या राज्यात धान्य मागायला गेलेल्या गाड्या रिकाम्याच परतल्या. गाडीवान मान खाली घालून म्हणाला, “ते म्हणतात, तुमच्या मोहरेवर आता मूठभर दाणे मिळायचे नाहीत.”

ही गोष्ट बाजारात कळायला कितीसा वेळ लागणार? रिकामी पोती घेऊन माणसे कोठाऱ्याच्या दाराशी जमू लागली. कोठारी धापा टाकत राणीकडे आला.

“राणीसाहेब, सगळे एकदम आलेत! मी कुठून देऊ?”

“पेवांत ज्वारी किती आणि पट्ट्या किती?”

कोठारी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागला. त्यालाही धड ठाऊक नव्हते.

“त्याला आणखी पट्ट्या द्या,” प्रधान म्हणाला. “आणि पेवं भरली म्हणून दवंडी पिटा.”

“प्रधानजी, लोक पट्ट्या शिजवून खाणार आहेत का?”

“मग दारावर पहारा बसवा. सुगीपर्यंत कोणाला दाणा द्यायचा नाही.”

“आणि तोवर लेकरांनी काय खायचं?”

“नाहीतर सगळ्यांच्या ठेवीतून सारखा वाटा कापा,” कोठारी हळूच म्हणाला. “माझं परसातलं पेव तेवढं सोडा. ते घरचं आहे.”

सगळी पेवे लोकांसमोर उघडावीत, असे राणीच्या मनात येऊन गेले. पण आत फारच थोडे निघाले तर? चिडलेले लोक वाड्यात घुसले तर? आत तिची तान्ही मुलगी झोपली होती. राणी घाबरली आणि तिने दवंडी पिटायला सांगितली.

दवंडी ऐकून बाजारातली कासारीण हातातल्या बांगड्या खाली ठेवत म्हणाली, “माझा रांजण भरलेला असतो तेव्हा मी गावभर सांगत फिरते का? पेवं भरलीत तर उघडून दाखवा की!”

तिचे बोलणे सगळ्यांना पटले आणि भीती दुप्पट झाली. दुसऱ्या दिवशी भर दुपारी लोक पहारी घेऊन पेवांवर चालून गेले.

पेव उघडले की आत लगेच उतरायचे नाही, हे तिथल्या पोराटोरांनाही माहीत होते. कोंडलेली हवा जीव घेते. हवा खेळू द्यायची, मग दिवा सोडायचा. दिवा विझला तर थांबायचे. पण त्या दिवशी थांबणार कोण? झाकण सरकले आणि इतरांच्या आधी आपले पोते भरावे म्हणून कासारणीच्या नवऱ्याने आत उडी टाकली.

“अहो, दिवा! दिवा तरी सोडा!” ती ओरडली. तोवर तो आत कोसळला होता.

राणी अनवाणी धावत आली तेव्हा शिपाई दोराला गळ बांधून त्याला वर ओढत होते. त्याचा चेहरा काळानिळा पडला होता. बऱ्याच वेळाने तो खोकला आणि कासारणीने हंबरडा फोडला. आपल्या खोट्यानेच हा माणूस आत ढकलला, हे तिला कळून चुकले.

“दवंडी खोटी होती,” ती म्हणाली. “सगळी पेवं उघडा. हवा खेळेपर्यंत कोणी पुढं यायचं नाही. मीही इथंच बसते.”

“आणि आत पट्ट्याच निघाल्या तर?” कासारीण डोळे पुसत म्हणाली.

“तर आधी कोठाऱ्याचं घरचं पेव रिकामं होईल. मग माझ्या वाड्यातला दाणागोटा. तरीही कमी पडलं तर ढिगानं ठेवणाऱ्या व्यापाऱ्यांनी सुगीपर्यंत थांबायचं. तुमच्यासारख्यांच्या पोत्याला हात लागणार नाही.”

“अहो, मी बुडेन!” कोठारी किंचाळला.

“पेवांचं भाडं घेताना बरा तरंगत होतास!” गर्दीतून कोणीतरी म्हणाले.

मग सगळे वाट बघत बसले. अखेर दिवे सोडले. पहिल्या पेवात तांबे चमकले. दुसऱ्यातही तांबेच. लोकांमधून कण्हल्यासारखा आवाज उठला आणि राणीने डोळे मिटून घेतले. तिसऱ्या पेवात मात्र दिव्याच्या उजेडात ज्वारीचे दाणे दिसले. पुढची काही पेवे अर्धी होती, काही भरलेली. ठेवले होते त्यापेक्षा धान्य कमी निघाले, पण लोक धास्तावले होते तितके कमी नव्हते.

तिथेच मापे लागली. कोठाऱ्याचे पेव रिकामे झाले, वाड्यातला दाणागोटा बाहेर आला, घोडे शेजारच्या राज्यात विकून आणखी धान्य आणले गेले आणि व्यापारी कुरकुरत थांबले. यापुढे पेवात राजाची पट्टी ठेवायची नाही, असा राणीने हुकूम काढला.

कासारणीला तिचे पोते पुरेपूर मिळाले. नवऱ्याला आधार देत ती चार पावले चालली, थबकली आणि परत फिरली.

“काय झालं? कमी भरलं का?” राणीने घाबरून विचारले.

“नाही हो, पुरतं आहे. सूपभर नेते, बाकीचं ठेवून घ्या. आहे हे डोळ्यांनी बघितलं. आता घाई कशाला?”

तिच्यामागे रांगेत उभ्या असलेल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिले. मग एकेकाने आपले रिकामे पोते घडी घालून काखेत मारले.

तात्पर्य: खोट्या दिलाशाने भीती वाढते; तोटा उघडपणे दाखवला आणि ज्यांना तो झेपेल त्यांनी आधी सोसला, तरच लोकांचा विश्वास टिकतो.