रांजणभर खापऱ्या

फार फार पूर्वी, घराचं भाडं नाण्यांत नव्हे तर जोंधळ्यात देत, तेव्हाची ही गोष्ट. नदीकाठच्या एका गावात एक घरमालक होता. त्याची दोन घरं. एकात तो मुलगा-सुनेसह राहायचा आणि दुसरं त्याने एका विणकराला भाड्याने दिलं होतं.

गावची रीत अशी होती. दर अमावास्येला भाडेकरूने गावच्या कोठारात मालकाच्या नावाने पायलीभर जोंधळा ठेवायचा. कोठारी तो मापून घ्यायचा आणि खूण केलेली एक खापरी द्यायचा. खापरी मालकाच्या हाती गेली की भाडं पोचलं. मग मालकाने ती कोठारात दाखवायची आणि आपला जोंधळा उचलायचा.

विणकराने एक अमावास्या चुकवली नाही. मालकाने मात्र जोंधळा कधी उचलला नाही.

"जोंधळा घरी आणला की उंदीर खातात, पाहुणे खातात," तो म्हणायचा. "खापरीला कोण खातंय?"

खापऱ्या तो रांजणात टाकायचा. रोज दुपारी बाहेर काढायचा, पुसायचा, ओट्यावर रांगेत मांडायचा आणि पुन्हा रांजणात भरायचा. नेमकी त्याच वेळी सून हाक मारायची, "मामंजी, ताट वाढलंय."

"झाकून ठेव गं. आलोच!"

सून नवीन होती, फारसं बोलायची नाही. पण तीन महिन्यांत तिला एवढं कळलं होतं, की मामंजी 'आलोच' म्हणून येईपर्यंत भाकरीचं चामडं होतं.

कोठारातला जोंधळा तसाच पडून आहे, हे विणकराला दिसत होतं. एकदा मालकाला सांगावं, असं त्याच्या मनात आलं.

"काय सांगणार?" बायको म्हणाली. "मालक, तुमचं भाडं घेऊन जा? लोक हसतील हो!"

विणकराने तो विचार सोडला आणि तो पुन्हा मागावर जाऊन बसला.

असं वर्ष गेलं. एक दिवस सून म्हणाली, "मामंजी, जोंधळ्याची कणगी रिकामी होत आली." मालक खुशीत उठला. बारा खापऱ्या टोपलीत घालून मिरवत कोठारात गेला.

कोठाऱ्याने जोंधळ्यावरचं फडकं उचललं. वरची एक पायली तेवढी धड होती. खालच्या अकरा पायल्यांचा भुगा झाला होता. किड्यांना खापरी दाखवावी लागत नाही.

"मालक, ठेवला तेव्हा दाणा टपोरा होता," कोठारी म्हणाला. "मी स्वतः मापलाय."

मालक तडक विणकराच्या दारात गेला. "अकरा पायल्या नवा जोंधळा दे! नाहीतर पौर्णिमेच्या आत घर सोड!"

विणकर मागावर बसला होता. त्याचा माग जमिनीत खड्डा करून रोवलेला. उचलून नेता येण्यासारखा नव्हता. त्यावर एका नवरीचं लुगडं अर्धं विणून झालं होतं. घर सोडायचं म्हणजे ते सगळे धागे कापायचे.

"मालक, मी दर अमावास्येला दिलंय," तो कसाबसा म्हणाला.

"किड्यांना दिलंस!"

"आम्ही तुम्हाला दिलं," आतून विणकराची बायको म्हणाली. "किड्यांना तुम्ही दिलंत."

मालक पाय आपटत घरी आला आणि रांजणापाशी बसला. सून म्हणाली, "मामंजी, ताट वाढलंय."

"झाकून ठेव!"

त्या दिवशी तो जेवलाच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र भुकेने कासावीस होऊन हाकेआधीच पाटावर येऊन बसला. सुनेने झाकलेलं ताट पुढे ठेवलं. त्याने झाकण काढलं. वरणाला फेस आला होता आणि भाकरीवर मुंग्या फिरत होत्या.

"हे काय?"

"कालचं ताट, मामंजी. तुमच्याच नावाचं."

"अगं, आंबलंय हे! ताजं वाढ."

"वाढते की," सून हळूच म्हणाली. "पण काल एकदा वाढून झालं होतं. आता ह्याची भरपाई कुणाकडून मागू? विणकरदादांकडून?"

मुलाने ठसका लागल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. मालकाने ते ताट बाजूला सारलं. ताजी भाकरी तव्यावर फुगलेलीच होती. सुनेने ती वाढली आणि त्याने ती गरम गरम, मान खाली घालून खाल्ली.

जेवून तो विणकराकडे गेला. "भाडं पोचलं होतं," तो उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला. "उशीर माझा झाला. लुगडं पुरं कर." मग हातातलं चांदीचं कडं देऊन त्याने कणगीपुरता जोंधळा विकत आणला. किडका जोंधळा गावच्या कोंबड्यांनी आठवडाभर मजेत खाल्ला.

तेव्हापासून गावात नवी रीत आली. पुढच्या अमावास्येपर्यंत खापरी कोठारात परत आली नाही, तर भाडेकरूने मालकाच्या दारात जाऊन मोठ्याने म्हणायचं, "मालक, तुमचा जोंधळा वाट बघतोय हो!" पहिल्यांदा लोक हसले. मालकही हसला आणि टोपली घेऊन निघाला.

रिकाम्या रांजणात सुनेने पाणी भरलं. आता त्या घरात दुपारी सगळे एकदमच जेवतात.

तात्पर्य : आपल्या वाट्याचं वेळेवर उचलावं, आपल्या उशिराचं नुकसान देणाऱ्याच्या माथी मारू नये.