खडकवण्याचा मुका नादेश्वर

खडकवण्याच्या देवाचं नाव नादेश्वर, पण त्याच्या देवळात घंटासुद्धा नाही. यात्रेची पालखी वाजतगाजत येते ती ओढ्यापर्यंत. ओढा ओलांडला की ढोलवाले खांद्यावरचे ढोल उतरवून झाडाखाली ठेवतात, आणि तिथून पुढे नुसती पावलं वाजतात. नवख्या माणसाला हे विचित्र वाटतं. मागल्या हिवाळ्यात शहरातून काही अभियंते आले होते. भूकंपानं आणि रस्त्यावरच्या जड गाड्यांनी जुनं बांधकाम किती हलतं हे मोजणारी यंत्रं त्यांनी खांबांना लावली. त्यांचं काम आटपेपर्यंत दौलतआबा गुरव पायरीवर बसून होते. मग त्यांनी पाहुण्यांना चहा दिला आणि देवळाची हकिकत सांगितली. आबांनी ती आपल्या आजोबांकडून ऐकलेली. आजोबांनी कोणाकडून, ते त्यांनाही ठाऊक नाही.

फार पूर्वी एका पौषात या खोऱ्यात जमीन हलू लागली, ती थांबेचना, असं सांगतात. पहिल्याच धक्क्यात मातीची घरं बसली. उभं राहिलं ते एकटं देऊळ. मोठमोठे दगड चुन्याशिवाय एकात एक बसवलेले, खांब हत्तीच्या पायांसारखे. बाहेर हाडं गोठवणारी थंडी. सगळा गाव म्हातारीकोतारी, पोरं, शेळ्या घेऊन देवळाच्या मंडपात येऊन राहिला. धक्के रोज येत. कधी भांडं हले इतका हलका, कधी माणूस उभ्याचा बसे इतका मोठा. झोप अशी कोणाला लागतच नव्हती. माणसं भिंतीला टेकून बसत आणि उघड्या डोळ्यांनी पेंगत.

गावचे पाटील सुभानजी. त्यांचा एकुलता मुलगा राणोजी पहिल्या धक्क्यात घराच्या भिंतीखाली गेला होता. त्याला अग्नी देऊन आले त्या दिवशी पाटलांनी देवापुढे उपरणं पसरून नवस बोलला, की जमीन शांत होईपर्यंत तुझा नगारा अखंड वाजेल, एक क्षणही थांबणार नाही. गाव म्हणाला, बरोबर आहे. देव नादाचा, त्याला नाद कमी पडला म्हणूनच तो रुसला.

नगारा वाजवण्याचा मान हैबती गुरवाचा. माणूस चाळिशीतला, अंगानं किरकोळ, पण मनगटं लोखंडाची. त्याचा नगारा चांगला पुरुषभर घेराचा, तांब्याचा, मंडपाच्या कोपऱ्यात गाभाऱ्याच्या दाराजवळ ठेवलेला. हैबतीनं टिपऱ्या उचलल्या की समोरच्या डोंगरातून परत आवाज येई. त्याचा बाप, आजा, सगळे त्याच कोपऱ्यात म्हातारे झाले होते. त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही यावं असं कधी वाटलंही नव्हतं.

तर हैबती वाजवू लागला. त्याचा चुलतभाऊ पाळी घ्यायचा, तो भिऊन सासुरवाडीला निघून गेला. मग हैबतीचे हात मेल्यासारखे झाले की त्याची बायको भिवरा टिपऱ्या घेई. बाईनं नगाऱ्याला हात लावू नये असा रिवाज होता. पण तो विषय कोणी काढला नाही. तेवढं भांडायचं बळ कोणात उरलं नव्हतं. हैबती तेवढ्यात दोन घास खाई, नगाऱ्याशेजारीच आडवा होई, आणि झोपेतही त्याची बोटं जमिनीवर ठेका धरत.

एके दिवशी सकाळी, ऊन मंडपात आलं असताना, वाजवता वाजवता त्याची नजर नगाऱ्याच्या कातड्यावर गेली. कातड्यावर दगडाची बारीक पूड नाचत होती. धक्क्यांनी पडते तशीच असेल म्हणून त्यानं ती हातानं पुसली. थोड्या वेळानं पुन्हा पूड. सकाळपासून एकही धक्का आलेला नव्हता. त्यानं मान वर केली. गाभाऱ्याच्या दारावर आडवी दगडी तुळई होती, तिला मधोमध चीर गेली होती. त्यानं जोरात टोला हाणला. चिरेतून पुडीची एक धार निघाली आणि उन्हात तरंगत खाली आली.

हैबतीनं त्यानंतर किती वेळ वाजवलं ते त्याचं त्याला कळलं नाही म्हणे. हात चालत होते आणि नजर चिरेवरून हटत नव्हती.

भिवरा टिपऱ्या घ्यायला आली तेव्हा त्यानं तिला डोळ्यांनीच वर दाखवलं. भिवरा जरा वेळ पाहत राहिली. मग ओढ्यावरून चिकणमाती घेऊन आली, शिडी लावली, आणि चुलीची भेग लिंपावी तशी चिरेवर मातीची पट्टी आडवी ओढली.

"वाळेपर्यंत हळू वाजवा," ती म्हणाली. "मग हाणा. माती फाटली तर समजू."

माती वाळली. हैबतीनं नेहमीचा ठेका धरला. दुपार कलायच्या आत, एकही धक्का न येता, पट्टी मधोमध तडकली.

तो टिपऱ्या तिच्या हातात देऊन सुभानजी पाटलांकडे गेला. पाटील खांबाला पाठ लावून बसले होते. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"पाटील, नगारा थांबवाया पाहिजे," हैबती म्हणाला. "तुळईची चीर वाढतीया. धरणीनं देऊळ खिळखिळं केलंया, आन् आता मी रोज त्येला हादरं देतूया. ती तुळई आली तर वरचं समदं आपल्या अंगावर यील."

पाटलांनी वर तुळईकडे पाहिलंसुद्धा नाही. हैबतीला वाटलं, ऐकू गेलं नसेल.

"नवस हाय," ते म्हणाले.

"ठावं हाय मला."

"तुला काय ठावं?" पाटलांचा आवाज चिरकला. "नगारा वाजतोया तवर बरं असतंय. त्यो जरा हळू झाला की मला ती भिंत ऐकू येती, हैबती. राणोजीवर पडली ती. मी दारात हुतो."

हैबती त्यांच्याजवळ बसला. त्यानंही त्याच खांबाला पाठ टेकली. दोघं तसेच बसून राहिले. नगारा चालू होता. प्रत्येक टोल्याला आपल्या पाठीमागचा खांब अगदी बारीक थरथरतो, हे हैबतीला पहिल्यांदाच जाणवलं. जन्मभर तो वाजवणाऱ्याच्या जागी होता. देवळाला टेकून त्यानं आपला नगारा कधी ऐकलाच नव्हता.

"हात लावून बगा," तो म्हणाला.

पाटलांनी खांबावर तळवा टेकला. बराच वेळ टेकून ठेवला.

"हे बी दमलंया," ते पुटपुटले.

"व्हय."

"पर नवस मोडायचं पाप मी घेऊ कसा? पोरगं गेलं. सून हाय, नातू हाय."

"तुमी नगा घेऊ. नवस तुमचा, पर हात माजं हायती. पाप हातांना लागू द्या."

हैबती उठला. कोपऱ्यात जाऊन त्यानं भिवराचे हात धरले आणि थांबवले. मग कंबरेची सुरी काढून नगाऱ्याचं कातडं या कडेपासून त्या कडेपर्यंत फाडलं. नुसता थांबवला असता तर गावानं दुसरं कोणी बसवलं असतं, म्हणून फाडलं.

शांतता झाली तशी मंडपातली पोरं रडू लागली. माणसं उठली, हैबतीच्या अंगावर धावली. कोणी शिव्या दिल्या, कोणी धोंडा उचलला. पाटील मध्ये येऊन उभे राहिले. "खळ्यात चला," एवढंच ते म्हणाले. "समदी. पेंढा अंथरा, शेकोट्या करा. देवाला एकटं ऱ्हाऊ द्या." पाटलांना काही समजावता आलं नाही, पण त्यांच्या तोंडाकडे पाहून लोकांचा विरोध गळून पडला. पेंढ्याचे भारे डोक्यावर घेऊन गाव उघड्यावर गेला. म्हाताऱ्यांनी हैबतीला जाताना तोंडावर सांगितलं, की आता जे होईल ते तुझ्या माथी.

आणि पुढे मोठा धक्का आलाच. भर दुपारी आला. खळ्यातली माणसं जमिनीला पालथी पडून राहिली. धूळ बसली तेव्हा दिसलं, की गाभाऱ्यासमोरची तुळई दुभंगून खाली आली होती, आणि तिच्यामागोमाग छताचे दगड. लोक जिथे पथारी टाकत होते तिथेच. बाकी देऊळ उभं होतं. ते पुरतं ढासळण्याइतकं खिळखिळं झालं नव्हतं, ते नगारा वेळेवर थांबला म्हणून, असं गुरवांच्या घरात सांगतात. गावात काही जण तेव्हाही म्हणाले, नवस मोडला म्हणूनच धक्का आला. त्याचा निकाल कधी लागला नाही.

हैबतीला कोणी शाबासकी दिली नाही. कोणी त्याच्या पायाही पडलं नाही. माणसांनी दगडांकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि तिथेच उन्हात, पेंढ्यावर, जो तो लवंडला. सगळा गाव दिवसाढवळ्या झोपला. सुभानजी पाटीलही झोपले. त्या शांततेत त्यांना भिंत ऐकू आली की नाही, ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

पुढे तुळईच्या जागी सागाचे टेकू लागले. फाटक्या नगाऱ्याचं तांब्याचं भांडं हैबतीनं पाणी भरून गाभाऱ्यासमोर ठेवलं. आत शिरण्याआधी पाण्याकडे पाहायचं, पाणी शहारलं तर मागं फिरायचं, अशी रीत पडली. देवापुढे पुन्हा वाद्य वाजवायचं नाही हे कोणी ठरवलं नाही. कोणाचं मनच झालं नाही.

हैबती त्यानंतर पुष्कळ वर्षं जगला. दुसऱ्याच्या शेतात राबला. आरतीच्या वेळी मात्र तो त्याच कोपऱ्यात येऊन बसे. ओठ आरती पुटपुटत आणि त्याची बोटं आपसूक मांडीवर ठेका धरत. जोरात नाही, पण त्याला स्वतःलाच ते सहन होत नसे. मग भिवरा शेजारी बसून त्याच्या हातावर आपला हात ठेवी. बोटं हळूहळू थांबत. भिवरा गेल्यावर पहिल्या आरतीला हैबती एकटाच बसला होता आणि बोटं चालू होती. तेव्हा सुभानजी पाटील, काठी टेकत, मंडपाच्या दुसऱ्या टोकाहून उठून आले. त्याच्याजवळ बसले. आणि आपला सुरकुतलेला हात त्यांनी त्याच्या हातावर ठेवला.

आजही खडकवण्याला आरती मनातल्या मनात म्हणतात, आणि ती संपेपर्यंत प्रत्येकजण शेजारच्याच्या हातावर हात ठेवून बसतो. शेजारी कोण आहे, ओळखीचा की परका, हे तिथे कोणी पाहत नाही.