सळईला लावलेला कान

"पण चाचा, पूल की पाणी? एवढं एकच सांगा. मग मी जातो."

लतीफचाचा मुजावर दर्ग्याच्या पायरीवर बसून खराट्याची सुटलेली दोरी आवळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारे इंगवले महापालिकेचे शहर अभियंता होते. शहराला चारशे कोटी मंजूर झाले होते आणि ते कुठे घालायचे, हे ज्याला तोंड होतं त्या प्रत्येकाचं महिनाभर इंगवल्यांना सांगून झालं होतं. महापौरांना स्टेशन चौकात उड्डाणपूल हवा होता. इंगवल्यांना जमिनीखालचे साठ वर्षांचे गंजके पाइप बदलायचे होते. उद्या सर्वसाधारण सभा होती. टेबलावर फायली दोन होत्या, आणि शिफारशीची सही एकीवरच करायची होती.

पाइपांसाठी ते याआधी तीनदा भांडले होते आणि तिन्ही वेळा हरले होते. पुलावर सही केली, तर निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं तरी शांततेत जातील, असं हल्ली त्यांच्या मनात येई. आणि ते मनात येतं याची त्यांना लाज वाटे. म्हणून आज ते गाडी नाक्यावर सोडून, दारोदार पालथे घातलेले पिंप चुकवत या गल्लीत आले होते.

चाचा चौतीस वर्षं पाणीपुरवठ्यात चावीवाले होते; निवृत्तीनंतर दर्गा सांभाळत. कुठल्या गल्लीचं पाणी कधी सोडायचं आणि कधी तोडायचं, ते त्यांच्या हातात असे. सव्वीस वर्षांपूर्वी नवख्या इंगवल्यांना सळई धरायला त्यांनीच शिकवलं होतं. लोखंडी सळई रस्त्यावर टेकवायची आणि वरच्या टोकाला कान लावायचा. खाली पाइप गळत असेल तर बारीक सूं असा आवाज वर येतो. तेव्हा चाचा त्यांना "पोरा" म्हणत. इंगवले साहेब झाले, त्या दिवसापासून ते "साहेब" म्हणू लागले.

"सकाळी नगरसेवक येऊन गेले," चाचा म्हणाले. "पुलासाठी दुआ पाहिजे होती त्यांना."

"दिलीत?"

"चहा दिला."

इंगवल्यांना हसू आलं नाही.

"मला दुआ नको, चाचा. मी... मी थकलोय. तुम्ही पाणी म्हणा, उद्या सगळ्यांना अंगावर घेतो. पूल म्हणा, गुपचूप सही करतो. तुमच्या शब्दाबाहेर जाणार नाही."

चाचांनी खराटा बाजूला ठेवला. मग गुडघ्यावर हात रेटून उठले, दाराआड उभी केलेली सळई घेऊन आले आणि इंगवल्यांच्या हातात दिली. तीच जुनी सळई होती. वरच्या टोकाची चिंधी तेवढी बदललेली होती.

"ऐका."

"इथे?"

"इथेच."

इंगवले उकिडवे बसले. गुडघे कुरकुरले. शेवटचा कान लावला त्याला अकरा वर्षं झाली होती. त्यांनी सळई टेकवली, डोळे मिटले... लांबवर कुठेतरी रिक्षाचा हॉर्न वाजला. स्वतःचा श्वास ऐकू आला. बाकी काही नाही.

"येतंय ऐकू?"

"येतंय."

"काय?"

"गळती आहे."

"मोठी?"

"बऱ्यापैकी. डावीकडे, दोन-तीन हातांवर." बैठकीत बोलताना लागतो तसा त्यांचा आवाज आता ठाम लागला होता. "अशा शहरभर साडेतीनशे जागा असतील. म्हणून तर म्हणतो..."

चाचांनी मान डोलावली.

"आज आमच्याकडे पाणी नाही, साहेब."

इंगवल्यांनी मान वर केली.

"चार दिवसांआड येतं. उद्या पाळी आहे. आज पाइपात थेंब नाही."

इंगवले तसेच बसून राहिले. समोरच्या दारातले पालथे पिंप त्यांना आत्ता दिसले. गल्लीतल्या शेंबड्या पोराला जे माहीत होतं, ते शहराच्या अभियंत्याला माहीत नव्हतं. कानाची पाळी तापली.

"खोटं कशाला बोललात?" चाचांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"ऐकू आलं नाही असं म्हणायची... सवयच राहिली नाही."

"हं."

"पण पाइप फुटके आहेतच, चाचा. ते काही खोटं नाही."

"असतील."

"असतील? तुम्हीच तर दाखवले होते मला."

"त्याला सव्वीस वर्षं झाली."

इंगवल्यांनी सळई पुढे केली. चाचांनी ती घेतली नाही. ते खराटा उचलून पायरी झाडायला लागले होते.

"मग उद्या सभेत सांगू काय?"

खराटा थांबला.

"सभा किती वाजता?"

"अकराला."

"पाणी सकाळी सहाला येतं."